थंडी कुठून पडते?

डिसेंबरातल्या पहाटे कर्जतकडून आलेली लोकल बदलापूरला थांबते तेव्हा डब्यातल्या झाडून साऱ्या खिडक्या बंद असतात. फलाटावरची माणसं कानटोपी, मफलर, स्वेटर अशा पूर्ण तयारीत असतात. एरवी चौथ्या सीटवरून होणारी कुरकुर त्या दिवसांत ऐकू येत नाही, कारण शेजाऱ्याची ऊब हवीशी वाटते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी घेत गाडी कल्याणला येते आणि तिथून पुढे निघते. ठाण्याच्या आसपास मफलर सुटतो. कुर्ल्याला कुणीतरी खिडकी उघडतं. दादरला उतरताना स्वेटर हातावर आलेला असतो. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर. या प्रवासात गाडीने एकही घाट ओलांडलेला नसतो, तरी चांगल्या थंडीच्या दिवशी दोन टोकांच्या पाऱ्यात सात-आठ अंशांचा फरक पडलेला असतो.

याहून मोठं कोडं बदलापूरच्या डोक्यावरच उभं आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, आणि बदलापूर त्याच रांगेच्या पायथ्याशी, नदीकाठच्या सखल पट्ट्यात. उंच जावं तसं गार होतं, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने माथेरान नेहमी पाचेक अंशांनी गार असायला हवं. दुपारी ते तसं असतंही. पण हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटेनंतर वर्तमानपत्रात मथळा येतो की बदलापूर माथेरानपेक्षा गार. बदलापूरकर तो मथळा कौतुकाने एकमेकांना पाठवतात. तो खराही असतो. हे होतं कसं, हे एकदा कळलं की हवामान खात्याचा हिवाळी अंदाज वेगळ्या नजरेने वाचता येतो. म्हणून हे प्रकरण मी बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तीन गावांपासून सुरू करतो आहे, जिथे बर्फ पडत नाही, पाणी गोठत नाही, पण थंडी कशी तयार होते हे रोज पहाटे उघड्यावर पाहता येतं.

आपली भाषा म्हणते, थंडी पडते. पाऊस पडतो, दव पडतं, धुकं पडतं, तशी थंडीही पडते. पाऊस सोडला तर यातलं काहीच वरून पडत नाही. दव आकाशातून पडत नाही हे विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने 1814 मध्ये एका निबंधात प्रयोगांनिशी दाखवून दिलं. रात्री तो बागेत लोकरीचे पुंजके ठेवायचा, काही उघड्यावर, काही फळीच्या आडोशाला, आणि पहाटे त्यांचं वजन करायचा. उघड्या आकाशाखालचे पुंजके जास्त जड भरत. ज्या वस्तूला आकाश मोकळं दिसतं ती जास्त गार होते, आणि गार झालेल्या वस्तूवर जवळच्या हवेतली वाफ येऊन बसते, हे त्याने ओळखलं. गारवा आधी, दव नंतर. थंडीचंही तसंच आहे. ती जमिनीत तयार होते आणि खालून वर चढते.

यात एक जमाखर्च आहे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे सतत उष्णता बाहेर टाकत असते. आपणही टाकतो, भिंतही टाकते, शेतही टाकतं. साधारण 17 अंशांवर असलेली जमीन दर चौरस मीटरला सुमारे 400 वॅट वर सोडते. हवेतली वाफ, ढग आणि कर्बवायू त्यातली बरीचशी उष्णता शोषून खाली परत पाठवतात. स्वच्छ, कोरड्या रात्री परत येणारी रक्कम सव्वातीनशेच्या आसपास असते. म्हणजे दर चौरस मीटरमागे सत्तर-पंचाहत्तर वॅटचा तोटा. दिवसा हा तोटा सूर्य भरून काढतो. रात्री भरून काढायला कुणी नसतं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, उगवल्यानंतरही काही वेळ, जमीन शिलकीतून खर्च करत राहते. म्हणूनच दिवसाचं किमान तापमान मध्यरात्री नोंदलं जात नाही, ते सूर्योदयाच्या आगेमागे नोंदलं जातं. पहाटे चारला उठून ‘आता याहून काय गार होणार’ असं म्हणणाऱ्याला अजून तीनेक तास थांबावं लागतं.

जमीन गार झाली की तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड असते. वीस अंशांची एक घनमीटर हवा साधारण 1.2 किलो भरते. दहा अंशांची तेवढीच हवा चाळीसेक ग्रॅमने जास्त. चाळीस ग्रॅम म्हणजे फार नव्हे, पण सबंध डोंगरउतारावरच्या हवेचं असं झालं की तिला खाली घसरायला एवढं वजन पुरतं. ती वाऱ्यासारखी सुटत नाही, पाण्यासारखी वाहते. दरीतून ओहोळ धरते, ओढ्याच्या पात्रातून सरकते, सखल जागी साचते. तिच्या वरची हवा उबदारच राहते. खाली गार, वर उबदार, असा उलटा थर जमतो. माथेरानचं पठार या थराच्या वर डोकं काढून असतं आणि बदलापूर थराच्या तळाशी असतं. कोडं सुटलं ते एवढंच. थंडी पडते हे शेवटी खरंच आहे, फक्त ती आकाशातून पडत नाही, उताराने पडते.

आता नकाशा पाहू. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात, बोरघाटाच्या उत्तरेला उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणकडे येते आणि वसईच्या खाडीला मिळते. तिच्या पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत आहे. पश्चिमेला माथेरान, पेब, चंदेरी, तावली आणि मलंगगड अशी दुसरी रांग उभी आहे, पनवेल आणि या खोऱ्याच्या मधोमध. दोन भिंतींमधली ही लांबट पन्हळ आहे. दुपारी समुद्रावरून येणारी खारी हवा मुंबईत अकरा-बाराला पोहोचते, पण मलंगगडाच्या रांगेला वळसा घालून इथे येईतो तिचा जोर ओसरतो. त्यामुळे एप्रिलमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री तोच दहा-अकरापर्यंत उतरतो. उन्हाळ्यात ज्या कारणाने माणसं भाजून निघतात त्याच कारणाने ती हिवाळ्यात कुडकुडतात: समुद्र जवळ असूनही हाताशी नाही. मुंबईला तो हाताशी आहे. जानेवारीतही किनाऱ्यावरचं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं. एवढा मोठा ऊनऊन बंब तीन बाजूंनी असल्यावर कुलाब्याला हुडहुडी भरणार कशी? सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीतला नीचांक आहे 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 चा. त्याच पहाटे कुलाब्याला 11.7 होतं. कुलाब्याची वेधशाळा 1826 पासूनची, दक्षिण टोकाला, पाण्याने वेढलेली. सांताक्रूझ काही किलोमीटर आत. एका शहरात, एकाच पहाटे, सव्वाचार अंशांचा फरक.

या खोऱ्यातल्या थंडीचा नकाशा काढायचा तर मला यंत्रांआधी पूर आठवतो. 26 जुलै 2005 ला उल्हासचं पाणी जिथे जिथे शिरलं, आणि 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, त्या जागा डोळ्यांसमोर आणा. पाणी उतार शोधत जातं, गार हवाही उतार शोधत जाते. दोघांना नियम एकच. जुलैतला पुराचा नकाशा आणि जानेवारीतला गारठ्याचा नकाशा पुष्कळ ठिकाणी एकमेकांवर बसतात. घर घेताना पूररेषा विचारणारे लोक आता आहेत, ते योग्यच आहे. पण ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांनी तीच रेषा थंडीसाठीही विचारावी असं मला मनापासून वाटतं.

हे तपासायला थर्मामीटर लागतच नाही, दुचाकी पुरते. जानेवारीतल्या निवांत रात्री बदलापूर गावाकडून बारवीच्या रस्त्याला निघा. रस्ता जिथे ओढ्याकडे उतरतो तिथे अचानक गुडघ्यांना गारठा लागतो, जणू थंड पाण्यातून चालतो आहोत. पूल ओलांडून चढ लागला की पन्नास पावलांत हवा सौम्य होते. पुन्हा उतार, पुन्हा गारठा. रात्री या रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्यांना, रिक्षावाल्यांना या जागा पाठ असतात. मी पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा मला ते पाण्याजवळच्या ओलाव्यामुळे वाटलं होतं. कोरड्या ओढ्यावरही तसंच झालं तेव्हा कळलं की पाण्याचा संबंध नाही, खोलगटपणाचा आहे.

तीन गावं एकाच खोऱ्यात, रुळावरून एकमेकांपासून दहाएक किलोमीटरच्या आत. तरी तिघांची रात्र सारखी नाही. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले, आणि 1949 मध्ये गावाला नदीवरून नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना तिथे ‘कॅम्प नंबर’ सांगतात. 2011 च्या जनगणनेत या चिमुकल्या शहरात 5,06,098 माणसं होती, अवघ्या तेरा-चौदा चौरस किलोमीटरमध्ये. तिथल्या गल्लीत उभं राहून वर पाहिलं तर आकाशाची एक चिंधी दिसते. जमिनीने सोडलेली उष्णता समोरच्या भिंतीला लागते, भिंत ती परत गल्लीला देते. वेल्सच्या भाषेत सांगायचं तर उल्हासनगरच्या जमिनीला आकाश दिसत नाही. शिवाय दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर थोडं थोडं ऊन परत देत असतं. अंबरनाथ मधलं. तिथे औद्योगिक वसाहत आहे, आयुधनिर्माणीचा झाडीचा मोठा परिसर आहे, आणि वालधुनीच्या काठी 1060 साली उभं राहिलेलं शिलाहारांचं शिवमंदिर आहे. या मंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. हिवाळी पहाटे देवळाभोवतालचा नदीकडचा भाग आणि स्टेशनचा रस्ता यांतला फरक चालतानाच कळतो. बदलापूर तिघांत सर्वांत मोकळं. पण तेही बदलतं आहे. 2001 ला तिथली लोकसंख्या 97,948 होती, दहा वर्षांत 1,74,226 झाली, आणि त्यानंतरच्या इमारती तर गाडीतूनच मोजता येतात. भाताची खाचरं होती तिथे टॉवर उभे राहिले तशी रात्रीची थंडी गावाच्या कडेकडेला सरकत चालली आहे. जुने रहिवासी म्हणतात की पूर्वीसारखी थंडी राहिली नाही. त्यात सगळा स्मरणरंजनाचा भाग नाही.

म्हणूनच बातमीत ‘बदलापूर इतके अंश’ असा आकडा येतो तेव्हा तो कुठे घेतला हे महत्त्वाचं ठरतं. हे आकडे बहुधा हौशी निरीक्षकांच्या खासगी केंद्रांचे असतात. त्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळेच या खोऱ्याची थंडी चर्चेत आली. पण यंत्र गच्चीवर आहे की नदीकाठच्या मोकळ्या रानात, यावर दोन-तीन अंश सहज इकडचे तिकडे होतात. वेधशाळेत तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवतात, ते याचसाठी: सगळीकडची मापं एका पट्टीवर यावीत म्हणून. गवताच्या पात्यावरचं तापमान त्या पेटीतल्या आकड्यापेक्षा कित्येकदा तीन-चार अंशांनी खाली असतं.

या चार फुटांखालच्या जगात एक मोठा शोध आपल्याकडे लागला. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं; शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. तिथे 1932 मध्ये कृषिहवामानाचं काम सुरू झालं आणि ते उभं केलं एल. ए. रामदास या भौतिकशास्त्रज्ञाने. त्यांनी आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी त्याच वर्षी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. निवांत, निरभ्र रात्री सर्वांत गार जागा उघड्या जमिनीचा पृष्ठभाग असायला हवी. पण त्यांच्या मापनात ती जमिनीपासून वीत-दोन वीत वर निघाली. पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध जाणारी ही गोष्ट. बाहेरच्या अनेकांनी ती मापनातली चूक मानली. मग इतर देशांतूनही तसंच दिसू लागलं, आणि आज जगभर तिला ‘रामदास थर’ म्हणतात. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत 1990 च्या दशकात तिचा सिद्धांत मांडला, आणि त्यावर अजूनही काम चालू आहे. रोपाचा शेंडा नेमका या वीत-दोन वीत उंचीवर असतो. कोवळी रोपं जमिनीलगत धडधाकट आणि शेंड्याला करपलेली का दिसतात, याचा एक धागा इथे आहे.

मग पाणी गोठतं कधी? आपल्या राज्यात ते गोठतं, दरवर्षी नसलं तरी बऱ्याच वर्षी. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात गाड्यांच्या टपांवर, तलावाच्या धक्क्यावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. गंमत ही की त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या कितीतरी वर असतो. गाव उंचावर, तलाव खोलगटात. पुन्हा तोच उताराचा न्याय. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबसारख्या पाड्यांवर असंच होतं. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर 2018 च्या अखेरीस पारा 1.8 पर्यंत उतरला होता आणि द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या करून, पाणी देऊन जागे होते. पुण्याचा नीचांक 1.7 आहे, 17 जानेवारी 1935 चा. ऑस्ट्रियात ग्रुनलोख नावाचा एक खळगा आहे, आल्प्सच्या उंच शिखरांच्या मानाने बराच खाली. तिथे गेल्या शतकात उणे 52.6 अंश मोजले गेले. शिखरांवर कधी मोजले गेले नाहीत एवढे.

आणि हवा शून्याच्या वर असतानाही पाणी गोठवता येतं, हे आपल्या देशातल्या कारागिरांना यंत्रं येण्याच्या आधीच माहीत होतं. रॉबर्ट बार्कर या अधिकाऱ्याने 1775 मध्ये अलाहाबादच्या बर्फाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मोकळ्या मैदानात दोनेक फूट खोल चौकोनी खड्डे घ्यायचे, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळकी ताटं अंथरायची, त्यावर मातीच्या उथळ, कच्च्या ताटल्या ओळीने मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत माणसं येऊन बर्फ गोळा करत. त्या परिसरातल्या डबक्यांत मात्र नैसर्गिक बर्फ बार्करने कधी पाहिला नव्हता. यात काय काय साधलं आहे बघा: खड्ड्यात गार हवा साचते, ताटं जमिनीची ऊब अडवतात, उथळ पाण्याला आकाश मोकळं दिसतं आणि झिरपणाऱ्या मातीतून थोडं पाणी वाफ होऊन आणखी गारवा देतं. सबंध हवामानशास्त्र त्या खड्ड्यात उतरलं होतं.

हे बदलापुरात जमलं नसतं. कारण दव. कोकणातल्या हिवाळी हवेत अलाहाबादपेक्षा वाफ जास्त. वर्तमानपत्रात ‘दवबिंदू गोठले’ असं छापतात तेव्हा दवबिंदू म्हणजे थेंब. हवामानशास्त्रात त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे: ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन बसू लागते ते तापमान. इथे ते हिवाळ्यात बहुधा दहाच्या पुढेमागे राहतं. पारा तिथवर उतरला की दव धरू लागतं, आणि दव धरताना वाफ आपल्या पोटातली उष्णता सोडते, दर ग्रॅममागे सुमारे 2500 ज्यूल. एका रात्रीत मिलिमीटरचा पाचवा हिस्सा एवढं दव बसलं तर दर चौरस मीटरला पाच लाख ज्यूल परत मिळतात. रात्रभराच्या पंचाहत्तर वॅटच्या तोट्यात ही चौदा-पंधरा वॅटची भर. तोटा थांबत नाही, पण उतरण मंदावते, आणि पारा दहाच्या आसपास अडखळतो. पुढे धुकं धरलं तर जमिनीवर पांघरूणच पडतं. कर्जत-बदलापूर पट्ट्यात धुक्यामुळे लोकल उशिरा धावतात ती सकाळ सहसा सर्वांत गार सकाळ नसते. जुन्या मराठीत दवासाठी दहिवर हा शब्द आहे आणि तो गोठलेल्या दवासाठीही चालतो. उल्हासच्या खोऱ्यात त्याचा पहिला अर्थ पुरतो.

आता अंदाजाकडे येऊ. मुंबई आणि परिसरातून मॉन्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. पंचांगात तेव्हा शरद, पण इथे अंगाची काहिली होते. जमीन ओली, आकाश मोकळं, ऊन तिरपं झालं तरी कडक, आणि वारा पूर्वेचा. सह्याद्रीवरून उतरणारी हवा दर शंभर मीटरला जवळजवळ एका अंशाने तापत येते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पहिला शहारा येतो तो हवा कोरडी व्हायला लागल्यामुळे. हवामान खातं नोव्हेंबरच्या अखेरीस डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतं, आणि लोकांना तो बहुतेक वेळा उलटा समजतो. किमान तापमान ‘सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ असं म्हटलं की थंडी पडणारच नाही असा अर्थ घेतला जातो. खात्याने तीन कप्पे केलेले असतात: कमी, सर्वसाधारण, जास्त. 1991 ते 2020 या तीस वर्षांतली दहा-दहा वर्षं प्रत्येक कप्प्यात पडतात. अंदाज सांगतो तो एवढंच, की यंदा पारडं कोणत्या कप्प्याकडे झुकलं आहे. तीन महिन्यांची सरासरी उबदार निघाली तरी मधली पाच रात्री कडाक्याच्या असू शकतात. हंगामी अंदाज शेतकऱ्याच्या नियोजनासाठी ठीक. आजीच्या गोधडीसाठी दर गुरुवारी येणारा पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि रोजचा जिल्हा अंदाज बघावा.

आणि त्यातही दोन गोष्टी बघाव्यात: उत्तरेत काय चाललंय आणि दक्षिणेत काय चाललंय. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून कोरडी, गार हवा राजस्थान-गुजरात मार्गे इकडे येते. याउलट बंगालच्या उपसागरात वादळ झालं की ओली हवा आणि ढग येतात आणि थंडीचा निकाल लागतो. 2024 मध्ये हे दोन्ही दहा दिवसांत पाहायला मिळालं. नोव्हेंबरअखेर मुंबईत छान गारवा होता. 30 तारखेला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याचे अवशेष पुढे अरबी समुद्राकडे सरकले, आणि 4 डिसेंबरला सांताक्रूझचं कमाल तापमान 37.3 झालं. ढग सरले, उत्तरेचा वारा मोकळा झाला, आणि 9 डिसेंबरच्या पहाटे तिथेच 13.7 नोंदले गेले. थंडीची लाट कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. किनारी भागात लाट म्हणायला पारा पंधरावर किंवा त्याखाली येऊन शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवा. बदलापूरकराने या प्रादेशिक आकड्यात आपली भर घालायची असते: रात्र निरभ्र आहे का, वारा पडला आहे का, आपलं घर खोलगटात आहे की चढावर. या तिन्हींचं उत्तर कोणताही अंदाज घरपोच देत नाही.

वारा पडणं हे थंडीच्या शौकिनांना सुखाचं, पण त्याची एक बाजू फार गंभीर आहे. उलटा थर हे झाकणही असतं. खाली जे सोडाल ते खालीच राहतं: शेकोटीचा धूर, जाळलेला कचरा, कारखान्यांचा वायू. हिवाळी पहाटे अंबरनाथ-उल्हासनगरच्या काही भागांत डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस पहाटेच्या अंधारात उल्हासनगरमध्ये वालधुनीत रासायनिक सांडपाणी ओतलं गेलं आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयांत न्यावं लागलं. वारा नसलेल्या वेळी, नदीच्या खोलगटात, झोपलेल्या वस्तीजवळ विष सोडलं तर ते जाणार कुठे? थंडीच्या महिन्यांत अशा गोष्टींवर रात्रीचा पहारा पावसाळ्यातल्या पूरनियंत्रणाइतकाच काटेकोर हवा. दुपारी तपासणी करून उपयोग नाही. दुपारी झाकण उघडलेलं असतं.

याच निवांत रात्रींतलं दव शहराबाहेर कुणाच्या तरी उपयोगी पडतं. भात कापून झाला की खोऱ्यातले शेतकरी त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. वरून पाणी देत नाहीत. रात्री दव, दिवसा ऊन, एवढ्यावर वेल पोसतो. ढगाळ, उबदार डिसेंबर आला की वालावर मावा पडतो आणि आंब्याचा मोहरही रखडतो. थंडी चांगली तर शेंगा भरतात. रायगडाकडे त्याच कोवळ्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, रात्री शेतात जाळ करून भाजतात, तीच पोपटी. जानेवारीत वांगणीच्या बाजूला सूर्य वर यायच्या सुमारास वालाच्या शेतात उभं राहिलं तर पावलं घोट्यापर्यंत भिजतात आणि कमरेच्या वर हवा जरा उबदार लागते. चंदेरीच्या सुळक्यावर ऊन आधी पडलेलं असतं. ते हळूहळू खाली येतं, पानांवरचं दव चमकतं, नऊच्या सुमारास सुकतं. मग उलटा थर मोडतो, धूर सरळ वर जाऊ लागतो, आणि शेतातल्या बाया डोक्यावरचा फडका सोडून कमरेला बांधतात.